नवे गुडघे

दोन्ही गुडघे बदलून घेतल्यावर माई आज पहिल्यांदा टेबल टेनिस खेळायला उतरल्या. डॉक्टरांनी एका अटीवर परवानगी दिली होती, लेकीची अट मात्र वेगळीच, "आज हरलीस तर बॅट कायमची माळ्यावर!"

नेटच्या पलीकडे लेकीचे सासरे. लग्न झाल्यापासून विहीणबाईंनी त्यांना एकदाही जिंकू दिलं नव्हतं, त्यामुळे आज स्वारी भलतीच रंगात आली होती. एक चेंडू या कोपऱ्यात, दुसरा त्या कोपऱ्यात. माईंची नुसती तारांबळ. बघता बघता दहा-चार झाले.

"एकच पॉइंट उरलाय, विहीणबाई," व्याही मिशीला पीळ देत म्हणाले. "आता मुकाट्यानं गुडघे टेका!"

माईंना जे हसू फुटलं ते थांबेचना. हसत हसतच त्यांनी एकेक पॉइंट ओढून आणला आणि अख्खा सामना खिशात घातला. व्याही बॅटकडे बघतच राहिले. "अहो, हे झालं तरी कसं?"

 

"काय करणार, व्याहीबुवा? डॉक्टरांची अटच आहे, खेळा खुशाल, पण गुडघे टेकायचे नाहीत!"