सरदाराची ओंजळ

साखराबाईनं तांब्या पदराखाली धरला आणि ती दारासमोरच्या दगडापाशी जाऊन बसली. घरात तेवढंच पाणी उरलं होतं.

"आत्याबाई," उंबऱ्यातून सून म्हणाली, "ते गोदीचं हाय."

"ठाव हाय गं, केवळा."

आत घोंगडीवर गोदी पडली होती. तीन वर्षांची पोर. हगवणीनं पार पिळून निघालेली, ओठांना पापुद्रे सुटलेले. साखर-मीठ घालून पाणी पाजत राहा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. तिचा बाप दगडोबा गाडीवर टिपाड बांधून पाण्याला गेलेला, अजून परतला नव्हता.

"जिल्हा नवा झाला म्हनून पेढे वाटले," केवळा पुटपुटली. "टँकरला अजून आपलं गाव सापडंना."

वैशाखातली अमावास्या होती. या दिवशी घरातल्या थोरल्या बाईनं सरदाराच्या ओव्या गायच्या आणि शेवटच्या ओवीला दगडावर तांब्या रिता करायचा. चारशे वर्षांमागं बिदरच्या बादशहाचा हा सरदार, लढाईत फुटलेलं अंग घेऊन, याच दारी पाणी मागायला आला होता. मागून शत्रूची घोडी येत होती. घरातल्या कुणीतरी आतून कडी लावली. सकाळी तो उंबऱ्यावर मरून पडलेला सापडला. त्याच्याच नावानं दारासमोर हा दगड उभा केलेला. पाण्यावाचून ओवी संपवली तर तो उठून पुन्हा दार वाजवतो म्हणत. कुणी पारखून पाहिलं नव्हतं.

दगडात तो कोरलेला होता: खाली घोड्यावर, मध्ये तलवार उगारलेला, वर महादेवाच्या पिंडीपुढं बसलेला. पिढ्यान्‌पिढ्या पाणी ओतून त्याचं तोंड झिजलं होतं. डोळे गेले, नाक गेलं. ओठांच्या जागी एक खळगा तेवढा उरला होता.

"औंदा नगा गाऊ," केवळा म्हणाली.

"न गाऊन कसं? वाट बगत असंल की."

तिनं सूर धरला.

*बिदरच्या दरबारी गं, घोडा नाचतो निळा
सरदाराच्या गळ्यामंदी, मोत्याच्या माळा*

*उदगीरच्या वेशीत गं, नगारा वाजला
माघारी आला सरदार, शेला रगतात भिजला*

आवाज चिरकत होता. उन्हात दगड तापला होता, तरी तिच्या हाताला तो गारच लागला. शेवटची ओवी आली.

*दार उघड माय गं, जीव चालला माझा
ओंजळभर पाणी मागे, किल्ल्याकिल्ल्यांचा राजा*

तांब्या कलला. पाणी काठाशी आलं.

"आये, पानी," आतून गोदी म्हणाली.

साखराबाईचा हात तिथंच थांबला. ती खळग्याकडं बघत राहिली. मग तांब्या सरळ करून तिनं सुनेच्या हाती दिला.

"पाज."

"आन त्येंचं?"

"त्येंचं मी बगते."

पोर घोट घोट प्याली आणि डोळे मिटून पडली. साखराबाई आत आली, तसं बाहेर वारं सुटलं. धुळीचा एक लोट दारापर्यंत आला. केवळा झटक्यात उठली आणि तिनं कडीला हात घातला.

"ऱ्हाऊ दे."

"आत्याबाई, ओवी कोरडीच गेली. आला म्हंजे?"

"कडी लावली म्हनूनच तर इतकी वर्सं त्ये भायेर हाईत, बाई."

साखराबाईनं पोरीच्या पायथ्याची घोंगडी झटकून नीट केली. मग उंबऱ्याशी आली आणि उशिरा पोचलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं हळू बोलली,

"या, सरदार. आत या. पानी न्हाई बगा. आमी बी पान्याचीच वाट बगतोय. बसा."

वारं पडलं. दाराची साखळी थोडी हलली आणि थांबली. दगडाची सावली उंबऱ्यापर्यंत आली होती.

आत गोदीनं झोपेतच पाय पोटाशी घेतले, कुणाला तरी बसायला जागा करून द्यावी तसे.