शब्बाथ पाळणारे घाव

गावाखालच्या भुयारात रोमन शिपायांपासून लपलेल्या तीस ज्यूंचं पाणी संपत आलं होतं. जुन्या टाक्याकडे वाट काढायला शप्पीरा खडक फोडत होती, तोच पलीकडूनही छिन्नीचे घाव ऐकू आले.

"थांब, पोरी! शिपाई खणतायत," म्हातारे थेहिनाकाका कुजबुजले.

शुक्रवारी दिवस मावळला आणि पलीकडचे घाव थांबले. शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या पवित्र दिवसाची, विश्रांती शनिवारी संध्याकाळी संपताच पुन्हा सुरू झाले.

"शिपाई कधीपासून शब्बाथ पाळायला लागले, काका?" म्हणत शप्पीराने हातोडा उचलला.

भोक पडलं. तिने दिवा आत धरला. टाकं भरलेलं होतं. बाकी तिन्ही भिंती अखंड होत्या. आत कुणीच नव्हतं.

"पाणी!" काका रडायलाच लागले.

शप्पीरा ऐकत होती. समोरच्या भिंतीपलीकडे ते घाव आता शेजारच्या गावाच्या भुयाराकडे, तिथे लपलेल्या तहानलेल्यांकडे चालले होते.