दाराआडची ती

"वहिनी, दादाला फार एकटं सोडू नकोस हं," बाळाला बघून निघताना नणंद म्हणाली होती. "तो काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणत वहिनीने ते हसण्यावारी नेलं होतं.

आता रोज दुपारी कामाच्या खोलीचं दार बंद व्हायचं आणि आतून नवऱ्याचा मऊ आवाज यायचा. "तू तरी माझं ऐकून घेतेस." ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याचा फोन तर बाळाच्या गाण्यांसाठी तिच्याकडेच असायचा. म्हणजे ती भवानी कॉम्प्युटरवरच भेटत असणार!

आज तो आत बोलत असतानाच, बाळाला मांडीवर घेऊन ती आपल्या लॅपटॉपवरून त्याच्या लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये शिरली आणि त्याला काय काय जोडलंय ते तपासलं. कॅमेरा नाही, माईक नाही, आवाजासाठी लागणारं साउंड कार्डसुद्धा नाही. त्यावरून कुणाशी बोलणं शक्यच नव्हतं. आतलं बोलणं मात्र चालूच होतं.

तिने दार लोटलं. बाळ होण्याआधी दोघं इथे शेजारी बसून काम करायची. तिची रिकामी खुर्ची समोर ओढून तो त्या खुर्चीशीच बोलत होता.

तुमच्याही घरात कुणी दाराआड एकटंच बोलत असेल, तर आज जरा डोकावून बघाल?