वडिलांचं नाव

"पूर्ण नाव सांगा," बाप्तिस्म्याच्या नोंदवहीवर पेन टेकवत पाळकांनी विचारलं.

"गोजरा," ती म्हणाली आणि तिथंच थांबली.

तमाशाच्या फडात पंचवीस वर्षं नाचताना तिला एवढंच नाव पुरलं होतं. आईही नाचणारीच, बाप कोण, हे तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. त्यावरून वर्गात हसं झालं, तेव्हा गोजरानं दुसरीतच शाळा सोडली. पाय थकल्यावर ती या गावात आली आणि शेजारणीचं बोट धरून चर्चमध्ये येऊ लागली. वर्षभर शेवटच्या चटईवर बसली. आज मात्र सगळी मंडळी तिच्याकडे बघत होती.

"वडिलांचं नाव?" पाळकांनी हळूच विचारलं. तिनं मान खाली घातली. "राहू द्या," पाळक म्हणाले, "आपल्या सगळ्यांचा बाप स्वर्गात आहे."

"तो आहेच. पण वहीत माणसाचं नाव लागतं. माझं लिहा, शमुवेल आढाव."

काठी टेकत आढाव गुरुजी उभे राहिले होते. वय ऐंशी, पण शिस्त कडक. गाण्यात शब्द चुकला की भर उपासनेत टोकायचे. गोजराला सगळ्यात जास्त धाक त्यांचाच वाटायचा.

"गुरुजी, लोक काय म्हणतील?" ती पुटपुटली.

"म्हणतील, आढावांची लेक आहे."

बाप्तिस्मा झाल्यावर गुरुजींच्या बायकोनं तिचे ओले केस आपल्या पदरानं पुसले. "चल, आज माहेरी जेवायचं."

त्या दोघांच्या मधोमध, मान वर करून, गोजरा भर बाजारातून चालत गेली.