शॅपच्या चढावरची चाळीस मिनिटं

मागून येणारा आवाज नव्या गाडीचा नव्हता.

मेव्हिस चालता चालता थबकली. उत्तर इंग्लंडमधला शॅपचा चढ नुकताच सुरू झाला होता, वारा समोरून होता, तरी आवाज चुकण्यासारखा नव्हता. त्या काळी प्रत्येक लॉरीचा खोकला वेगळा असायचा. ही घरघर, मध्येच घशात काहीतरी अडकल्यासारखी, पिकवर्थ ब्रदर्सच्या जुन्या आठचाकीची. बोल्टनहून सुताच्या गाठी घेऊन ग्लासगोला निघालेली. आत एडविन टूटिल असणार.

पण ती गाडी तर त्याने गेल्याच आठवड्यात सोडली होती.

तीन वर्षं हे असं चाललं होतं. चढाच्या पायथ्याशी कॅफे होता. तिथे मेव्हिस ड्रायव्हरांना चहाचे मोठाले मग आणि बेकन घातलेले पाव आणून द्यायची. गुरुवारी तीनला तिची पाळी संपायची आणि ती वरच्या घराकडे चालू लागायची. दोन मैल. त्याच सुमाराला एडविन चहा संपवून निघायचा. हल्ली तो रस्ता ओस पडलाय. सगळे पलीकडच्या मोटारवेने जातात आणि शॅप कधी आला नि कधी गेला हे कुणाला कळतही नाही. तेव्हा मात्र चौदा टन माल घेऊन लॉरी माणसाच्या चालीने चढायची. ड्रायव्हर म्हणे चालत्या गाडीतून खाली उतरून, झुडपामागे जाऊन येऊन, पुन्हा तीच गाडी पकडायचे. ते अगदीच खोटं नाही.

एडविन डावीकडची काच खाली करायचा. मेव्हिस कडेच्या गवतातून चालायची. दोघांच्या मध्ये रिकामी सीट, सीटवर त्याचा डबा, आणि इंजिनाचा गोंगाट. त्यामुळे सगळं बोलणं ओरडून.

"कार्लाइलला मी मुक्कामाला उतरतो तिथल्या घरमालकीणबाईंनी परवा चीज इतकं पातळ कापलं, की आरपार पेपर वाचला मी!"

"बाबांची लाल कोंबडी पुन्हा बेपत्ता!"

तीन वर्षांत याहून नाजूक बोलणं झालं नव्हतं. नाजूक गोष्ट ओरडून कशी सांगायची? चाळीस मिनिटांनी तिचं घर यायचं. "बराय, मिस ॲलनबी." "जपून जा, मिस्टर टूटिल." संपलं.

मग पिकवर्थांनी नवी गाडी घेतली. गडद हिरवा रंग, दारावर रंगाऱ्याने हाताने काढलेली सोनेरी अक्षरं, आणि आत चक्क हीटर. ती अर्थातच एडविनला मिळाली. वीस वर्षांत त्याच्या हातून सुताची एकही गाठ भिजली नव्हती. कॅफेत सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. त्या गुरुवारी नवी गाडी मेव्हिसच्या शेजारून गेली तेव्हा मेव्हिस जेमतेम शंभर पावलं चालली होती. मागून चार लॉऱ्या घाई करत होत्या. एडविनने भोंगा वाजवला, हात हलवला, आणि गाडी वळणाआड गेली. हा चढ दोन मैलांचा आहे हे मेव्हिसला त्या दिवशी कळलं.

"गेला गं तुझा टूटिल," कॅफेची मालकीण मिसेस बर्केट दुसऱ्या दिवशी म्हणाली. "पुरुषाला पळणारी गाडी मिळाली की तो कशाला मागे बघतोय! तू बस इथे चहाचे मग विसळत."

आणि आज ही जुनी खोकणारी गाडी तिच्या बरोबरीला आली. काच खाली. एडविनच्या गुडघ्यांवर पोतं, नाक थंडीने लाल, चेहरा मात्र बक्षीस मिळाल्यासारखा.

"परत केली!" तो ओरडला.

"काय?"

"नवी गाडी! त्या दुसऱ्या ड्रायव्हरला, हॅरल्डला देऊन टाकली! मालक म्हणाले, टूटिल, डोकं फिरलंय तुझं! म्हटलं, असेल!"

"अहो पण का?"

"सहा मिनिटांत संपतो हो चढ तिच्यात!"

मेव्हिस उभीच राहिली. लॉरी पुढे सरकत गेली. त्या चढावर भरलेली गाडी कुणी थांबवत नसे. एकदा थांबली की पुन्हा हलेल याची खात्री नाही. एडविनने आरशात पाहिलं. मेव्हिस कमरेवर हात ठेवून उभी होती. त्याने ब्रेक दाबला.

मागे भोंग्यांचा गलका झाला. मेव्हिस झपाझप खिडकीपाशी आली.

"हीटर होता तिच्यात!"

"होता, पण..."

"गादीची सीट होती!"

"होती. पण मी आत आणि तुम्ही बाहेर, मग..."

"मी बाहेर का आहे, मिस्टर टूटिल?"

एडविनची नजर समोरच्या काचेकडे गेली. तिथे कंपनीचा कागद चिकटवलेला होता: परक्या माणसाला गाडीत घेणाऱ्याची नोकरी जाईल. तो नियम त्याने आजवर कधी मोडला नव्हता.

"अरे टूटिल," मागून कुणीतरी ओरडलं, "लग्न लावतोयस का भर रस्त्यात?"

एडविनने सीटवरचा डबा उचलून मांडीवर घेतला. मग पलीकडे वाकून दार ढकललं. ते हलेना. कित्येक वर्षं त्या बाजूने कुणी चढलंच नव्हतं. शेवटी त्याने लाथ घातली तेव्हा ते उघडलं.

"मला आपलं वाटायचं," तो खाली बघत म्हणाला. इंजिन मंदावलं होतं. आता ओरडावं लागत नव्हतं. "तुम्हाला चालायला आवडतं."

"चालायला?" मेव्हिसने पायरीवर पाय ठेवला. "कॅफेसमोरून तीन वाजून पाच मिनिटांनी बस सुटते, ती थेट माझ्या दाराशी थांबते, एडविन."