एक कमी हाय
गेणूआबांनी मेंढरं विकून चार वर्षं झाली, पण अजून दिवस मावळला की ते अंगणात खुट्या ठोकायचे अन् मेंढरं कोंडायची जाळीची वाघर बांधायचे. रिकाम्या वाघरीत बोट नाचवत मोजायचे, "एक कमी हाय" म्हणायचे आणि काठी घेऊन उसाच्या रानात घुसायचे. साखरबाईचं नवऱ्याला समजावून झालं, रडून झालं, बारामतीचा डॉक्टर म्हणाला, "वय झालंय, आजी." आज त्यांना अडवताना ती पडली. कशीबशी उठली, वाघर वर करून आत शिरली, मातीतच बसली. "आली बगा तुमची." आबांनी पुन्हा मोजलं. चेहरा खुलला. तिच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी वाघरीची शेवटची गाठ आवळली आणि घराकडं वळून, कित्येक महिन्यांनी तिला नावानं हाक मारली, "साखरे, घावली गं! वाढ भाकरी." वाघरीत बसल्या बसल्या साखरबाईला ओ देता येईना.