खंडेनवमीचे व्हॉल्व्ह

खंडेनवमीला जुहूच्या हँगरमध्ये स्टोअरकीपर गुणाजीने छोट्या विमानाच्या इंजिनातून काढलेले जुने व्हॉल्व्ह आणि खोक्यातले नवेही रॉकेलने घासले, त्यांना बांधलेल्या नव्या-जुन्याच्या चिठ्ठ्या सोडून टाकल्या आणि सगळ्यांना हळदकुंकू वाहून एकाच पाटावर मांडले. “नवे कुठले रे?” मेकॅनिक दशरथने विचारलं. “देवाला सगळे सारखेच.” “देव बसणार आहे का विमानात?” बसणार होते फ्लाइंग क्लबचे सेक्रेटरी भाऊंचे मुलुंडचे सासरे, दसऱ्याच्या मुहूर्तावर. भाऊ म्हणाले, “चकचकीत दिसतील ते टाक ना!” दशरथ म्हणाला, “सगळेच चकचकीत आहेत. चुकून जुना गेला तर इंजिन वर बंद पडेल. चिठ्ठी गेली की नवाही भंगार. कोणी वापरू नये म्हणून सगळे ठेचतो, तुम्ही परदेशातून नवे मागवा.” “आणि सासऱ्यांना काय सांगू?” “सोनं जमिनीवरच द्या.” दशरथने हातोडा मागितला. गुणाजीने हात जोडले. “उद्या. आज तोही पूजेत बसलाय.”